गावातल्या डॉक्टरचं नाव आता नव्या नोंदवहीत. पेशंटच्या हाती मात्र अजून पुडीच

वर्धा : ताप आला की गावातला माणूस आधी गावातल्याच डॉक्टरकडे जातो. पाटीवर बीएचएमएस लिहिलंय की बीएएमएस, हे सहसा कोणी पाहत नाही. पाहिलं तरी त्यातला फरक विचारत नाही. "डॉक्टरसाहेब, एक सुई मारून द्या जी, उद्या कापूस वेचाले जायचं आहे," एवढंच सांगणं असतं. सुई लागते, तीन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत मिळतात, पैसे देऊन माणूस घरी येतो. कोणती सुई, कोणत्या गोळ्या, हे त्यालाही माहीत नसतं आणि घरच्यांनाही.

याच सुईवरून राज्यात मोठं भांडण पेटलं आहे. १८ सप्टेंबर २०२५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे आयएमएने, राज्यभर २४ तासांचा बंद पुकारला. कारण होतं ५ सप्टेंबरचा शासन निर्णय. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स, सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत वेगळ्या नोंदवहीत नोंद करावी, असं सरकारने त्यात सांगितलं. एमबीबीएस डॉक्टर म्हणतात, साडेपाच वर्षांचं शिक्षण एका वर्षात होत नाही, हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे. होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणतात, खेड्यात तुम्ही येत नाही, आम्ही येतो. सरकारच्याच विद्यापीठाचा कोर्स केला, सरकारनेच कायदा केला, मग आता अडवता कशाला?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून तर हे भांडण अकरा वर्षं मिटलेलं नाही. पण या सगळ्यात जो माणूस सुई घेतो त्याचं काय, हे विचारायला कोणी त्याच्या ओसरीवर आलेलं नाही.

अकरा वर्षांची गोष्ट

२०१४ मध्ये विधिमंडळाने होमिओपॅथी व्यावसायिकांचा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा, असे दोन कायदे दुरुस्त केले. सीसीएमपी पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याचा रस्ता त्यातून मोकळा झाला. आयएमए लगेच मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयात तारखा पडत राहिल्या आणि इकडे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कोर्स सुरूही केला. दवाखाना सांभाळून करता येईल असा हा कोर्स आहे, पूर्णवेळ नाही. हजारो डॉक्टर तो करून बसले. हातात प्रमाणपत्र होतं, पण परिषदेत नाव नव्हतं. औषध दुकानदारांनाही प्रश्न पडायचा, यांची चिठ्ठी चालते की नाही?

डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं, सीसीएमपीवाल्यांच्या चिठ्ठीवर औषध द्यायला हरकत नाही. ३० जून २०२५ ला वैद्यक परिषदेने नोंदणी सुरू करण्याची सूचना काढली. जुलैत आयएमएने बंदचा इशारा दिला, सरकार दोन पावलं मागे आलं आणि समिती नेमली. सप्टेंबरमध्ये पुन्हा पुढे गेलं. मूळ प्रकरण न्यायालयात असताना सरकारने नोंदणीचा आदेश काढला, यावर एमबीबीएस डॉक्टरांचा जास्त राग आहे.

हे वाचून कोणाला वाटेल, म्हणजे आतापर्यंत गावातला होमिओपॅथी डॉक्टर सुई मारत होता ते काय होतं? कायद्याच्या भाषेत उत्तर कडक आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुंबईचं एक प्रकरण गेलं होतं. एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली, पेशंट दगावला, त्याच्या पत्नीने दाद मागितली. न्यायालयाने सांगितलं, जी पॅथी शिकलाच नाही तिची औषधं देणं हाच मुळात निष्काळजीपणा, वेगळा पुरावा कशाला हवा? तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. सीसीएमपी न केलेल्या डॉक्टरला हा निकाल आजही तसाच लागू पडतो.

पाटीवरच्या अक्षरांचा अर्थ

गावातल्या सगळ्या डॉक्टरांना एकाच मापाने मोजून चालत नाही. बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर. त्यांना ॲलोपॅथीची औषधं वापरायची मुभा राज्य सरकारने १९९२ आणि १९९९ च्या आदेशांनी दिलेली आहे. राज्य अशी मुभा देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये मान्य केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात गट-ब चे वैद्यकीय अधिकारी बीएएमएस असतात, हे लोक रोज पाहतात. बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथीचा पदवीधर; त्याने सीसीएमपी केलं असेल तर नवा नियम त्याच्यासाठी आहे, केलं नसेल तर नाही. आणि चौथा एक प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्यातरी दवाखान्यात दहा वर्षं कंपाउंडरकी केली, हात बसला, मग बाजाराच्या गावात खोली घेऊन "डॉक्टर" झाला. त्याच्यासाठी कोणतीच मुभा नाही. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यावसायिक कायदा आहे. त्यावर २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा आहे, ज्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. बोगस डॉक्टर शोधायला जिल्हा आणि तालुका पातळीवर समित्याही आहेत. पण तक्रार करायला गावातून सहसा कोणी पुढे येत नाही. "भला माणूस आहे, रात्री दोनले बी उठते," असं म्हणून गाव गप्प बसतं. रात्री दोन वाजता दुसरं कोण उठणार, हा प्रश्न त्यामागे असतो आणि तो खोटा नाही.

दोन मेडिकल कॉलेजं, तरी आष्टीला लांबच

वर्धा जिल्ह्याची गंमत अशी की डॉक्टर घडवण्यात हा जिल्हा कुठेच मागे नाही. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली, खेड्यासाठी डॉक्टर तयार व्हावेत म्हणूनच. शहराच्या दुसऱ्या बाजूला सावंगीला मेडिकल कॉलेज आहे, सालोडला आयुर्वेद महाविद्यालय आहे. हिंगणघाटच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी तर लोकांनी रस्त्यावर येऊन आंदोलन केलं. आणि तरीही आर्वी वर्ध्याहून पन्नासेक किलोमीटर, आष्टी त्याच्याही पुढे, कारंजा आणि समुद्रपूरची टोकाची गावं आपल्या जागी. एसटीची वेळ हुकली तर तापाचं पोर घेऊन कुठे जायचं? मोठी हॉस्पिटलं वर्ध्याभोवती गोळा झाली, गावात राहिले बीएचएमएस, बीएएमएस आणि तो चौथा.

एमबीबीएस डॉक्टर खेड्यात का येत नाही, याची कारणं त्यालाच विचारली तर रास्त वाटतात: राहायला धड क्वार्टर नाही, पोरांना शाळा नाही, पुढच्या परीक्षेचा अभ्यास आहे. सरकारी कॉलेजात शिकलेल्याला एक वर्ष शासकीय सेवेचं बंधपत्र असतं, ते मोडलं तर दहा लाख रुपये भरावे लागतात. ज्याच्या घरी दहा लाख आहेत त्याला ती शिक्षा वाटत नाही. सरकारने या बंधपत्राकडे आणि रिकाम्या पदांकडे जेवढं कडक पाहायला हवं होतं तेवढं पाहिलं नाही. नोंदवहीत नवा रकाना उघडणं त्यामानाने सोपं आणि फुकटाचं काम. आयएमएच्या टीकेत हा मुद्दा वजनाचा आहे. पण खेड्यातली जागा भरायची कशी, याचं उत्तर आयएमएकडूनही गावापर्यंत आलेलं नाही.

या जिल्ह्याने एक वेगळं उत्तर करून पाहिलं होतं, हे आजच्या तरुणांना माहीत नसेल. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांशी करार केला. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी त्यात पुढे होते. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त, ज्याच्याकडे कमी त्याने कमी. त्या ज्वारीवर गावचा आरोग्यसेवक चालायचा आणि आजारी माणसाची जबाबदारी रुग्णालय घ्यायचं. त्यात डॉक्टर कोणत्या नोंदवहीत आहे हा प्रश्नच नव्हता. गाव कोणाला विचारू शकतं, कोण गावाला बांधील आहे, हे ठरलेलं होतं. आजच्या शासन निर्णयात नेमकी हीच जागा कोरी वाटते.

छत्तीसगडने २००१ मध्ये आणखी एक वाट धरली. खेड्यासाठीच तीन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स काढला आणि ते शिकलेल्यांना ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून आरोग्य केंद्रांवर नेमलं. तिथेही एमबीबीएस डॉक्टरांनी विरोध केला, कोर्स काही वर्षांत बंद पडला, पण जे शिकले ते कामाला लागले. पुढे संशोधकांनी तपासलं तेव्हा नेहमीच्या आजारांत त्यांचं काम एमबीबीएसच्या जवळपास उतरलं. कमी वर्षं शिकलेला डॉक्टर नेहमीच धोक्याचा असतो असं नाही. पूर्णवेळ शिकवलं, कुठवर जायचं ते ठरवून दिलं आणि वर कोणीतरी पाहणारा ठेवला, तर तो उपयोगाचा ठरतो. सीसीएमपीच्या बाबतीत या तिन्हींवर सरकारने लोकांना समजेल असं काही सांगितलेलं नाही.

एका तापाची गोष्ट

धोका कुठे आहे हे समजायला स्क्रब टायफसचं उदाहरण पुरे. २०१८ मध्ये नागपूर भागात या तापाने लोक दगावले तेव्हा विदर्भात त्याचं नाव घराघरात गेलं. पावसाळ्यात आणि नंतर गवत वाढतं, त्यातला बारीक किडा चावतो. आठ-दहा दिवसांनी ताप येतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते, पण ती दुखत नाही म्हणून पेशंट सांगत नाही. डॉक्टरने कपडे बाजूला करून पाहिलं तरच सापडते. औषध महाग नाही, डॉक्सीसायक्लिन. वेळेत दिलं तर दोन दिवसांत ताप उतरू लागतो. नाही दिलं, टायफॉइड समजून महागडी अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू ठेवली, तर ती या जंतूवर चालत नाहीत. फुप्फुस, किडनीवर गेलं की मग सेवाग्राम, सावंगी, नागपूर.

आता हे ओळखायला कोणती पदवी लागते? खरं म्हणजे पाहणारी नजर लागते, आणि ती वॉर्डात पेशंट पाहूनच येते, औषधांची नावं पाठ करून येत नाही. सीसीएमपीच्या कोर्सचं नावच औषधशास्त्राचं आहे. औषध कळलं, पण आजार ओळखायचा कोणी?

त्यात सुईची सवय. पहिल्या दिवशी ताप उतरला नाही तर पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, म्हणून काही ठिकाणी स्टिरॉइड ठोकलं जातं. ताप उतरतो, अंगात तरतरी येते, डॉक्टरचं नाव होतं. आतला आजार मात्र झाकला जातो, शुगरवाल्याची शुगर चढते. सलाईनचंही तसंच. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, छोटा चमचाभर. ज्याला तोंडाने पाणी पिता येतं त्याला त्या बाटलीतून ताकद वगैरे काही मिळत नाही. हे काम एकटे होमिओपॅथीवाले करतात असं नाही, एमबीबीएसवालेही करतात, आणि मागणारे आपणच असतो.

पुडी आणि चिठ्ठी

डॉक्टर चुकला तर? पेशंट तालुक्याला नेला, तिथला डॉक्टर पहिलं विचारतो, "आधी काय औषध दिलं होतं?" घरचे खिशातून पुडी काढतात. पांढऱ्या दोन, पिवळी एक, अर्धी कापलेली एक. स्ट्रिपचा चांदीचा कागदही नाही. तिथल्या डॉक्टरला अंदाजाने पुढे जावं लागतं. ॲलर्जी कशाची झाली ते कळत नाही, कोणती अँटिबायोटिक होऊन गेली ते कळत नाही.

डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला स्वतःजवळचं औषध देणं बेकायदा नाही. त्याला औषध दुकानाचा परवाना लागत नाही, मात्र औषधं परवानाधारकाकडूनच घेऊन त्याचा हिशेब ठेवावा लागतो. मेडिकलवाल्याला मात्र ठरावीक कडक अँटिबायोटिक देताना चिठ्ठी लिहिणाऱ्याचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरात टिपून ते तीन वर्षं जपावं लागतं. म्हणजे दुकानातून घेतलं तर माग राहतो, पुडीतून घेतलं तर राहत नाही. वैद्यक परिषदेच्या डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहितेत चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहायचा आणि भरती पेशंटचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असं स्पष्ट आहे.

डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ पासून पक्कं आहे. वर्ध्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण आयोगापुढे जाऊन काय दाखवणार? गावच्या दवाखान्याचा पुरावा म्हणून आजकाल एकच गोष्ट उरते, फोनपेवर पैसे गेल्याचा मेसेज. तारीख आणि रक्कम कळते, औषध कळत नाही.

नव्या नोंदणीतून पेशंटचा फायदा व्हायचा असेल तर तो इथे होऊ शकतो. ज्याचं नाव वैद्यक परिषदेच्या वहीत गेलं, तो त्या परिषदेला उत्तर द्यायला बांधील झाला पाहिजे. एमबीबीएसची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, आयुर्वेदवाल्याची भारतीय चिकित्सा पद्धतीच्या परिषदेकडे, होमिओपॅथीवाल्याची होमिओपॅथी परिषदेकडे अशी आजची वाटणी आहे. मग होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीचं इंजेक्शन दिलं आणि बिघडलं, तर चौकशी कोण करणार? दोन वह्यांत नाव असलेल्याची फाईल एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहू नये, याची सोय सरकारने आधी करायला हवी होती. नोंदणीची घाई झाली, जबाबदारीची झाली नाही.

वैद्यक परिषदेने २०२५ मध्येच डॉक्टरांसाठी क्यूआर कोड आणला आहे. दवाखान्यात लावलेला कोड मोबाईलने स्कॅन केला की डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी चालू आहे की नाही ते दिसतं. गावात बहुतेक घरी एक तरी स्मार्टफोन आहे, पानठेल्यावर क्यूआर स्कॅन करायला कोणाला शिकवावं लागत नाही. पण हा कोड वैद्यक परिषदेच्या डॉक्टरांसाठी. सीसीएमपीवाल्यांची वेगळी वही तयार होत असेल तर त्यांनाही तोच कोड सक्तीचा करून त्यावर "होमिओपॅथी, सीसीएमपी" असं ठळक दाखवायला काय अडचण आहे? होमिओपॅथी डॉक्टरांच्या संघटनांनी हे स्वतःहून मागितलं तर त्यांचंच पारडं जड होईल.

अर्थात कोड लावला म्हणजे सगळं साफ, असं समजायचं कारण नाही. जानेवारी २०२२ मध्ये आर्वीत एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या गोबर गॅसच्या खड्ड्यातून पोलिसांनी कवट्या आणि हाडं काढली, ते जिल्हा विसरलेला नाही. तिथे पदव्यांची कमतरता नव्हती. कागदावर नोंद असलेल्या ठिकाणी जाऊन पाहणारा अधिकारी लागतो.

गावपातळीवर जे करता येतं ते थोडं आहे, पण आहे. डॉक्टरला त्याची पदवी विचारणं म्हणजे त्याचा अपमान नाही. ड्रायव्हरचं लायसन्स विचारतोच की. सीसीएमपी केलं असेल तर प्रमाणपत्र भिंतीवर लावायला सांगावं. पुडी घेतली तर निदान त्या पुडीवर गोळीचं नाव लिहून मागावं, आणि शक्य असेल तर चिठ्ठीच घ्यावी, तिचा फोटो घरच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेवावा. आशाताई आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे गावात कोणाला ताप किती दिवस आहे याची माहिती गेली, तर स्क्रब टायफससारखा आजार लवकर हाती लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत गावचे लोक असतात. आपल्या केंद्रात डॉक्टरचं पद भरलेलं आहे का, तो मुक्कामी राहतो का, हे तिथे आणि ग्रामसभेत विचारता येतं.

उच्च न्यायालयाचा निकाल कोणत्या बाजूने लागेल ते लागेल. तोवर दवाखाने चालूच राहणार. साप चावला, फवारणी करताना चक्कर-उलटी झाली, छातीत दुखलं, बाळंतिणीला रक्तस्राव झाला, लहान पोराला ताप येऊन झटका आला, तर सुई आणि पुडीत वेळ घालवू नये. १०८ ला फोन लावून सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं. ताप तीन दिवसांच्या वर गेला, दम लागला किंवा लघवी कमी झाली, तरी तेच. जाताना आधीच्या गोळ्यांची पुडी, असेल ती, सोबत न्यावी.